एर्लांग: स्क्रीनवरचा गोल किती वेळ फिरणार, याचं गणित मांडणारा माणूस

टपरीवर चहा पिऊन झाला, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवरचा गोल फिरायला लागला. टपरीवाला तुमच्याकडे बघतोय, तुम्ही फोनकडे. नेट तर फुल आहे, मग अडलंय कुठे? पुष्कळदा याचं उत्तर फार साधं असतं. तुमची विनंती शेकडो किलोमीटर लांबच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये, डेटाबेसच्या दारात, रांगेत उभी असते. पुढच्यांचं आटोपलं की तुमचा नंबर.

क्लाउड डेटाबेसच्या जाहिरातीत दोन शब्द हमखास असतात: स्केलेबल आणि लो-लेटन्सी. पहिल्याचा अर्थ, माणसं कितीही वाढली तरी झेपेल. दुसऱ्याचा अर्थ, उत्तर चटकन मिळेल. या दोन्ही गोष्टी एकत्र द्यायच्या तर यंत्रं किती लावायची? कमी लावली तर लोक ताटकळतात, जास्त लावली तर बिल वाढतं. हा हिशोब पद्धतशीरपणे मांडणारा माणूस कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हता. तो डेन्मार्कमधला गणिताचा शिक्षक होता आणि १९२९ मध्येच वारला. म्हणजे ज्याला आपण आज कॉम्प्युटर म्हणतो, तो त्याने डोळ्यांनी पाहिलाही नाही. त्याचं नाव आग्नर क्रारूप एर्लांग. कोडिंग करणाऱ्यांनी हे नाव एका प्रोग्रामिंग भाषेचं म्हणून ऐकलेलं असेल. ती भाषा पुढे येईलच, आधी माणूस बघू.

पुस्तक उलटं वाचणारा मुलगा

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग या खेड्यातला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चचं कारकुनी कामही तेच बघायचे. आईचं माहेर धर्मगुरूंचं, आणि तिच्या पूर्वजांमध्ये थॉमस फिंके नावाचे जुने गणिती होते. मुलगा शांत, वाचनात बुडालेला. संध्याकाळी मोठा भाऊ टेबलावर पुस्तक उघडून बसला की हा समोरच्या बाजूला बसायचा आणि तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा. घरात एक पुस्तक आणि वाचणारे दोघे, तर एकाने थांबायचं का? नाही, याने उलटं वाचायला शिकून घेतलं. (पुढे आयुष्यभर रांगांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं हे लहानपण मला भारी आवडतं.) आकाशातल्या ताऱ्यांचंही वेड होतं.

चौदाव्या वर्षी त्याने कोपनहेगनला जाऊन एक परीक्षा दिली. वय कमी असल्यामुळे त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती. उत्तम गुणांनी पास झाला, गावी परत आला आणि वडिलांच्याच शाळेत दोन वर्षं शिकवलं. मग १८९६ मध्ये कोपनहेगन विद्यापीठ. घरची परिस्थिती बेताची होती, पण शिष्यवृत्तीमुळे राहण्याखाण्याची सोय झाली. १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन तो एमए झाला. खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे जोडीचे विषय होते.

पुढची सात वर्षं शाळांमध्ये शिकवण्यात गेली. शिकवायचे चांगलं, पण ओढा संशोधनाकडे. स्वभाव कमी बोलण्याचा, बाजूला बसून निरीक्षण करण्याचा. मात्र एक गोष्ट ते चुकवायचे नाहीत: डॅनिश गणित संघटनेच्या बैठका. त्यातल्याच एका ओळखीने सगळं बदललं.

गणिताची नोकरी, तीही टेलिफोन कंपनीत

त्या बैठकांना योहान येन्सेन यायचे. बारावीनंतर गणित घेतलं असेल तर येन्सेनची असमानता कानावर आली असेल, तेच हे. पण येन्सेन प्राध्यापक नव्हते. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते आणि गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर फ्रिट्झ योहानसेन यांनासुद्धा गणिताच्या वाटेने टेलिफोनचे प्रश्न सोडवता येतील असं वाटत होतं. ग्राहकाला किती वेळ थांबावं लागतं यावर त्यांनी स्वतः थोडं लिहिलंही होतं. येन्सेननी दोघांची गाठ घालून दिली आणि १९०८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, एर्लांग कंपनीत रुजू झाले.

आता त्या काळचं टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांसमोर आणा, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. फोन उचलून नंबर फिरवायची सोय नव्हती. फोन उचलला की एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाईंच्या समोरच्या बोर्डावर खूण व्हायची. त्या विचारायच्या कोण हवंय, आणि वायरीचं एक टोक तुमच्या भोकात आणि दुसरं टोक समोरच्याच्या भोकात खुपसून तुम्हाला जोडून द्यायच्या. दुसऱ्या एक्स्चेंजच्या हद्दीतला माणूस हवा असेल तर मधल्या जोडलाइनीपैकी एक मोकळी असायला हवी. ऑपरेटर मोजक्या, जोडलाइनी मोजक्या. एकेका लाइनीला तांब्याची वायर लागायची आणि ती स्वस्त नव्हती.

आपल्याकडेही हे फार जुनं नाही. घरी आजी-आजोबांना विचारा, ट्रंक कॉल बुक करून किती तास बसायचे ते. त्यानंतर एसटीडी आली तरी या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत अशी ती रेकॉर्ड केलेली बाई सांगायचीच. ती वाजली म्हणजे एर्लांगच्या सूत्रातली एक घटना तुमच्या कानात घडली.

कंपनीपुढचा प्रश्न असा होता: एका भागात इतके इतके फोन होतात, तर लाइनी किती टाकायच्या?

सरासरी फसवते

कोणीही पहिल्यांदा सरासरी काढेल. समजा एका ठिकाणी मिनिटाला सरासरी ३ फोन येतात. मग मिनिटाला ३ फोन जोडता येतील एवढी माणसं बसवा, संपलं. पण लोक ठरवून, रांग लावून, वीस-वीस सेकंदांच्या अंतराने फोन करत नाहीत. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो करतो. १९०९ मध्ये एर्लांगनी लेख लिहून दाखवलं की एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी असे मनाला येईल तेव्हा केलेले फोन पॉसाँच्या नियमाप्रमाणे येतात. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीमध्ये जे पॉसाँ डिस्ट्रिब्युशन असतं (आम्ही त्याला पॉयझन म्हणायचो), तेच हे.

हा नियम वरच्या आकड्याला लावून बघा. सरासरी ३ असली तरी तासातल्या ६० मिनिटांपैकी साधारण ३ मिनिटांत एकही फोन येणार नाही आणि साधारण ५ मिनिटांत ६ किंवा त्याहून जास्त फोन येतील. कोणी गडबड केलेली नाही, सण नाही, बातमी नाही. नुसत्या योगायोगाने दुप्पट गर्दी होते, आणि ती दर तासाला होते. ज्या ऑपरेटर बाई ३ मिनिटं रिकाम्या दिसतात, त्यांच्याच समोर ५ मिनिटं दिवेच दिवे. मॅनेजर नेमका त्या ३ मिनिटांत राउंडला आला तर त्याला वाटणार की इथे माणसं जास्त झाली.

माझ्या मते एर्लांगचं सगळं काम या एका ठिकाणी उभं आहे. रिकामी दिसणारी लाइन वाया गेलेली नसते, पुढच्या मिनिटाच्या गर्दीसाठी ती राखलेली असते. प्रश्न एवढाच की किती राखायची, आणि ‘थोडी जास्त ठेवू’ असं म्हणून भागत नाही. आकडा लागतो.

१९१७: आकडा मिळाला

तो आकडा देणारा लेख १९१७ मध्ये आला. विषय होता स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज. कल्पना त्यांनी भौतिकशास्त्रातून उचलली: समतोल. भांड्यातल्या वायूचे कण इकडेतिकडे धावत असतात, तरी एकंदर चित्र स्थिर राहतं ना, तसंच. एका क्षणी ७ लाइनी चालू आहेत असं धरा. नवा फोन आला की ८ होतात, कोणी फोन ठेवला की ७ वर येतात. बराच वेळ बघत राहिलं तर ७ वरून ८ वर जाणं जितक्यांदा होतं तितक्यांदाच ८ वरून ७ वर येणं होतं. प्रत्येक पायरीसाठी हे समीकरण मांडत गेलं की सगळ्या लाइनी एकदम भरलेल्या असण्याची शक्यता किती, ते मिळतं.

त्यातून दोन सूत्रं निघाली. एक, लाइन नसेल तर फोन लागतच नाही अशा व्यवस्थेसाठी: किती जणांना नकार मिळेल? दुसरं, लाइन नसेल तर माणूस रांगेत थांबतो अशा व्यवस्थेसाठी: किती जणांना थांबावं लागेल आणि किती वेळ? आज त्यांना एर्लांग बी आणि एर्लांग सी म्हणतात. ब्रिटिश पोस्ट ऑफिससारख्या बड्या टेलिफोन संस्थांनीही ती वापरात आणली. कॉल सेंटरमध्ये कुठल्या तासाला किती माणसं बसवायची, हे आजही एर्लांग सीवरूनच काढतात.

एक उदाहरण करून बघू, कारण नुसतं वाचून पटत नाही.

एका गावातून शहराकडे तासाला १२० फोन जातात आणि प्रत्येक फोन सरासरी ३ मिनिटं चालतो. म्हणजे तासाभरात ३६० मिनिटांचं बोलणं. एक लाइन तासाला ६० मिनिटं बोलणं वाहू शकते, म्हणून हा भार ६ लाइनींएवढा झाला. मग ६ लाइनी टाकायच्या? टाका. सूत्र सांगतं की दर १०० पैकी २६ जणांचा फोन लागणार नाही. १० टाकल्या तर ४ जणांचा. १२ टाकल्यावर कुठे हा आकडा १०० मागे १ च्या आसपास येतो. चांगली सेवा द्यायची तर सरासरीच्या दुप्पट लाइनी!

हे ऐकून कुठल्याही कंपनीचा मालक कपाळाला हात लावेल. पण त्याच सूत्रात त्याच्यासाठी एक खूशखबरही आहे. अशीच दोन गावं असतील तर स्वतंत्रपणे १२ आणि १२ मिळून २४ लाइनी लागतील. पण दोन्ही गावांचे फोन एकाच सामायिक २० लाइनींवर सोडले, तरी नकार १०० मागे १ च्या आतच राहतो. ४ लाइनी वाचल्या, सेवा तीच. कारण दोन्ही गावांना एकाच मिनिटाला उचंबळून येण्याची शक्यता कमी. जितकी गावं एकत्र, तितकी बचत जास्त.

हे वाचताना क्लाउड आठवला असेल तर बरोबर आठवला. हजारो कंपन्यांनी आपापल्या खोलीत आपापला सर्व्हर ठेवायचा, की एका मोठ्या डेटा सेंटरमधली यंत्रं वाटून घ्यायची? दुसरं स्वस्त का पडतं याची बरीच कारणं आहेत, पण गणितातलं मूळ कारण या गावांच्या हिशोबातच आहे.

मग डेटाबेसमध्ये एर्लांग कुठे?

टेलिफोनच्या लाइनीच्या जागी डेटाबेसचं कनेक्शन ठेवा. तुमचं अ‍ॅप दर वेळी डेटाबेसशी नवी जोडणी करत नाही, कारण त्यात वेळ जातो. तयार कनेक्शनांचा एक गठ्ठा ठेवलेला असतो, त्याला कनेक्शन पूल म्हणतात. क्वेरी आली की मोकळं कनेक्शन घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. सगळी गुंतलेली असतील तर थांबायचं. हुबेहूब १९१७ चं एक्स्चेंज.

सेकंदाला २,००० क्वेरी येतात आणि प्रत्येकीला ५ मिलिसेकंद लागतात असं धरा. गुणाकार केला की एका सेकंदात १० सेकंदांचं काम येतं, म्हणजे सरासरी १० कनेक्शन कायम गुंतलेली. पूल १० चा ठेवला तर रांग वाढतच जाईल आणि कधीच संपणार नाही. १२ चा ठेवला तर १०० पैकी ४५ क्वेरींना थांबावं लागेल. १६ चा ठेवला तर जेमतेम ६ जणींना. फक्त ४ कनेक्शनांचा फरक! हा हिशोब मी कामावर अक्षरशः कागदावर करतो. पाच मिनिटं लागतात आणि रात्रीचे फोन वाचतात. अर्थात डेटाबेसच्या यंत्राची ताकदही तेवढी हवी. मागे प्रोसेसर किंवा डिस्कच कमी पडत असेल तर पूल वाढवून रांग फक्त एका दारावरून दुसऱ्या दारात जाते.

आता यातली खरी भीतीदायक गोष्ट. समजा काही कारणाने डेटाबेस थोडा सुस्तावला आणि क्वेरीला ५ ऐवजी १० मिलिसेकंद लागायला लागले. वापरणारे तेवढेच आहेत, पण भार १० वरून २० झाला. १६ चा पूल आता पुरणं शक्यच नाही, रांग फुगणार. त्यात लोक वैतागून परत परत बटण दाबतात, म्हणजे आणखी क्वेरी. थोडा उशीर, त्यातून जास्त भार, त्यातून अजून उशीर. मोठी अ‍ॅप्स कधी कधी अशी गपकन बसतात, त्यामागे दर वेळी कोणी हॅकर नसतो.

एकाच खिडकीचं उदाहरण घेतलं तर हे अजून स्पष्ट दिसतं. ५ मिलिसेकंदांचं काम, येणारे मनाला येईल तेव्हा येतात, आणि कामही कधी लहान कधी मोठं. खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल तर रांगेसकट सरासरी १० मिलिसेकंद लागतात. ८० टक्के व्यस्त असेल तर २५. ९० टक्के असेल तर ५०. ९९ टक्के असेल तर ५००! शेवटच्या काही टक्क्यांची काटकसर किती महागात पडते बघा. म्हणून लो-लेटन्सी डेटाबेस चालवणारे आपली यंत्रं पूर्ण भरू देत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते.

डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसमध्ये आणखी एक भानगड होते, जी एर्लांगच्या गावांच्या बचतीला उलटी जाते. डेटा प्रचंड असतो म्हणून त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. मग तुमची क्वेरी कुठल्याही मोकळ्या यंत्राकडे जाऊ शकत नाही. ज्याच्याकडे तुमचा तुकडा आहे, त्याच्याकडेच जावं लागतं. शंभर यंत्रं निवांत आणि एकावर झुंबड, असं होऊ शकतं. एखाद्या क्रिकेटरच्या अकाउंटचा डेटा ज्या यंत्रावर आहे, त्याचे हाल विचारू नका. यावर उपाय म्हणजे एकाच तुकड्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवणं आणि त्यातल्या मोकळ्या यंत्राला विचारणं. म्हणजे पुन्हा लाइनी सामायिक करणंच झालं.

आणि सरासरी इथेही फसवतेच. एक स्क्रीन भरायला अ‍ॅपला १०० वेगवेगळ्या यंत्रांकडून उत्तरं हवी आहेत आणि प्रत्येक यंत्र १०० मध्ये एकदाच अडखळतं असं धरा. तुमची स्क्रीन अडखळण्याची शक्यता १ टक्का नाही, ६३ टक्के आहे, कारण शंभरपैकी एकानेही उशीर केला तरी तुम्ही थांबणारच. अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये डायनॅमो या आपल्या डेटाबेसबद्दल जो पेपर लिहिला, त्यात म्हणूनच सरासरी वेळेवर समाधान मानलेलं नाही. हजारातल्या ९९९ विनंत्या किती वेळात पुऱ्या होतात, हे माप त्यांनी धरलं. ज्यांचा खरेदीचा इतिहास मोठा आहे अशा जुन्या ग्राहकांनाच सर्वात जास्त थांबावं लागू नये, असा त्यामागे विचार होता.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. लोक एकमेकांशी न ठरवता येतात, हे गृहीत धरून हे गणित उभं आहे. सकाळी दहाच्या ठोक्याला उघडणारं तत्काळ बुकिंग, किंवा दहावीच्या निकालाची दुपारी जाहीर झालेली वेळ, इथे सगळे ठरवूनच येतात. तिथे पॉसाँचा नियम लागू पडत नाही आणि नुसत्या सूत्रावर विसंबून यंत्रं लावली तर फजिती होते.

शिडी घेऊन फिरणारा गणिती

एवढं वाचून एर्लांग म्हणजे टेबलावर बसून समीकरणं मांडणारा माणूस वाटला असेल. नोकरीची सुरुवात तशी नव्हती. कंपनीने त्यांना प्रयोगशाळेचा प्रमुख केलं होतं, पण हाताखाली माणसंच दिली नव्हती. जमिनीखालच्या केबलमध्ये शिरणारे भटके विद्युतप्रवाह मोजायचं काम त्यांना स्वतःच करावं लागायचं. कोपनहेगनच्या रस्त्यावर हे साहेब पुढे आणि मागे शिडी घेतलेला एक कामगार, असं दृश्य लोकांना दिसायचं. मॅनहोलचं झाकण उघडायचं, शिडी लावायची, खाली उतरून मोजायचं, की पुढचं मॅनहोल. विद्युत मोजमापासाठी त्यांनी एक उपकरणही तयार केलं, आणि आकडेमोडीसाठी कोष्टकं बनवली. कॅल्क्युलेटर नव्हते, तेव्हा चांगलं छापील कोष्टक म्हणजे आजच्या एखाद्या चांगल्या लायब्ररीएवढं मोलाचं.

लग्न केलं नाही. पगारातून पुस्तकं घेत राहिले, घरात गणित, खगोल आणि भौतिकशास्त्राचा मोठा संग्रह जमला. गरजू लोक त्यांना शोधत प्रयोगशाळेत यायचे आणि ते गाजावाजा न करता मदत करायचे. कंपनीतल्या जवळजवळ वीस वर्षांत आजारपणाची रजा घेतली नाही. मग जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले आणि ३ फेब्रुवारीला तिथेच वारले. वय ५१.

नाव कसं उरलं

एर्लांग थोडक्यात लिहायचे, पुष्कळदा सिद्धता गाळून, आणि मूळ लेखन बहुतेक डॅनिशमध्ये. इंग्रजी आणि जर्मन भाषांतरं झाली, तरी अमेरिकेत बेल लॅबमधल्या एका संशोधकाने ते लेख मुळातून वाचायला डॅनिश शिकून घेतली. कोपनहेगन शहराच्या फोनसाठी केलेलं काम समजून घ्यायला एवढी खटपट!

१९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने वाहतुकीच्या भाराच्या एककाला एर्लांग हे नाव दिलं. एक लाइन पूर्ण वेळ व्यस्त, म्हणजे १ एर्लांग. वरच्या उदाहरणातलं गाव ६ एर्लांगचं होतं आणि आपला डेटाबेस १० एर्लांगचा.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८६ मध्ये, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि सहकारी टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी नवी प्रोग्रामिंग भाषा घडवायला लागले. लाखो छोटी कामं एकाच वेळी चालली पाहिजेत, त्यातलं एक कोसळलं तरी बाकीच्यांना धक्का लागता कामा नये, आणि एक्स्चेंज कधी बंद करायचं नाही, या त्यांच्या अटी. भाषेचं नाव ठेवलं एर्लांग. एरिक्सन लँग्वेज असाही अर्थ त्यातून निघतो, पण नाव या डॅनिश गणितज्ञाचंच. भाषेसोबत म्नेशिया नावाचा डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसही आला. १९९८ मध्ये एरिक्सनने ही भाषा सगळ्यांसाठी खुली केली. पुढे काउचडीबी तिच्यात लिहिला गेला. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमो पेपरवरून प्रेरणा घेऊन बनवलेला रियाकसुद्धा तिच्यातच लिहिला गेला.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हरही. २०१२ च्या सुरुवातीला त्यांच्या टीमने जाहीर केलं की एका सर्व्हरवर एकाच वेळी २० लाखांहून जास्त फोन जोडलेले ठेवणं त्यांना जमलं आहे. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा तिचे ४५ कोटी वापरणारे होते आणि इंजिनिअर ३२. त्यांनी तो सर्व्हर किती भरू द्यायचा आणि किती मोकळा ठेवायचा, हे ठरवताना प्रश्न तोच होता, जो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीने १९०८ मध्ये एका शाळामास्तराला विचारला होता.